गीझरचे वॉट जुळत नाहीत? व्होल्टेज कधी आणि कुठे मोजलं ते आधी बघा

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरी १५ लिटरचा गीझर आहे, पाटीवर २३० व्होल्ट २००० वॉट लिहिलंय. हल्ली पाणी तापायला उशीर लागतो म्हणून ह्यांनी स्वतः मोजमापं घेतली. गीझर बंद असताना प्लगवर २२६ व्होल्ट, प्लग काढून एलिमेंटचा रेझिस्टन्स मोजला तर २६.२ ओहम, आणि गीझर चालू केल्यावर क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजतात तो) ७.६ अँपिअर. आता २२६ भागिले ७.६ केलं की येतात २९.७ ओहम, पण मीटर म्हणतो २६.२. वॉटचंही तेच, व्होल्टेज गुणिले करंट केलं तर १७१८ वॉट आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स केलं तर १९४९ वॉट. मग त्यांनी एक जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब मोजला, तो निघाला ३८ ओहम, म्हणजे सूत्राने १३४४ वॉट. आणि अर्धा एचपीची पाण्याची मोटर ३.८ अँपिअर घेते म्हणजे ८५९ वॉट, पण अर्धा एचपी तर ३७३ वॉटच असतो. म्हणून विचारलंय की ओहमचा नियम (व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स) एसी करंटला लागू होत नाही का.

लागू होतो. तुमची सूत्रंही बरोबर आहेत आणि गणितही कुठे चुकलेलं नाही. पण तुम्ही हे तीन प्रश्न एकत्र बांधलेत आणि तिघांची कारणं पूर्ण वेगळी आहेत, त्यातलं बल्बचं आणि मोटरचं निवांत समजून घेतलं तरी चालेल, गीझरचं मात्र आज बघायला पाहिजे. माझ्या मते तुमच्या आकड्यांमध्ये लाईनीतला एक दोष स्पष्ट दिसतोय आणि त्याने आग लागू शकते. मी सांगली जिल्ह्यात पंचवीसएक वर्षं वायरिंगची आणि मोटर रिवाइंडिंगची कामं करतोय, असे आकडे बघितले की मला पहिल्यांदा सूत्र नाही, जॉइंट आठवतो.

तर गीझरपासून सुरू करू. तुम्ही २२६ व्होल्ट मोजलंत ते गीझर बंद असताना, आणि ७.६ अँपिअर मोजलेत ते चालू असताना. हे दोन आकडे एका वेळेचे नाहीत, त्यामुळे त्यांचा भागाकार करून जे येतं तो एलिमेंटचा रेझिस्टन्स नसतो. नळाचं बघा ना, तोटी बंद असली की पाईपात पूर्ण प्रेशर असतं, तोटी सोडली की वाटेत पाईप जितका बारीक आणि जितका गंजलेला तितकं प्रेशर पडतं आणि शेवटच्या घराला बारीक धार येते. वायरीतही तसंच. करंट वाहायला लागला की वाटेतल्या प्रत्येक रेझिस्टन्सवर थोडं थोडं व्होल्टेज खर्च होतं आणि उरलेलं गीझरला मिळतं. लोड नसताना, म्हणजे गीझर बंद असताना, वाटेत काहीच खर्च होत नाही म्हणून मीटर पूर्ण २२६ दाखवतो, आणि तिथेच माणूस फसतो.

मग गीझरला प्रत्यक्षात किती मिळत होतं? ते तुमच्याच आकड्यांवरून निघतं. हीटिंग एलिमेंटची आतली तार नायक्रोमची असते, ती तापल्यावर रेझिस्टन्स अगदी थोडाच वाढतो, तर गरम असताना २६.५ ओहम धरू. (पाटीवरून तपासा, २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे २६.४५, म्हणजे एलिमेंट तुमचं एकदम ठणठणीत आहे, कोणी बदला म्हटलं तर बदलू नका.) आता ७.६ गुणिले २६.५ केलं की २०१ व्होल्ट. म्हणजे गीझरच्या टर्मिनलला २०१ च्या आसपास पोचत होते आणि उरलेले जवळजवळ २५ व्होल्ट वाटेत कुठेतरी गेले. २५ भागिले ७.६ म्हणजे वाटेतला रेझिस्टन्स सव्वातीन ओहमच्या आसपास. आणि वॉटचं कोडंही सुटलं, २०१ गुणिले ७.६ म्हणजे साधारण १५३० वॉट गीझरमध्ये, आणि २५ गुणिले ७.६ म्हणजे १९० च्या जवळपास वॉट वाटेत, दोन्हीची बेरीज तुमचे १७१८. तुमचं उत्तर चूक नव्हतं, त्यात गीझर आणि वायरिंग दोघांची पॉवर मिळून आली होती. पाणी का उशिरा तापतं तेही ह्यातच आलं, १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० ला न्यायला १९४९ वॉटने साडेएकवीस मिनिटं लागतात आणि १५३० वॉटने सत्तावीस.

आता हे सव्वातीन ओहम कुठले? इथे जरा थांबा कारण उत्तराचा खरा गाभा हाच आहे. तांब्याची १ एमएमची (म्हणजे १ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर किलोमीटरला साधारण १८ ओहम असते, अडीच एमएमची साडेसात. समजा तुमच्या मेन बोर्डापासून बाथरूमपर्यंत २० मीटर अंतर आहे, जाऊन येऊन ४० मीटर वायर झाली, अडीच एमएम असेल तर ०.३ ओहम, अगदी कोणी १ एमएम टाकली असेल (गीझरला १ एमएम टाकूच नये, पण जुन्या घरांत टाकलेली मी बघितलीय) तरी ०.७ ओहम. सव्वातीन ओहम व्हायला १ एमएमची १८० मीटर वायर लागेल, म्हणजे ९० मीटरची दोन अख्खी बंडलं. तुमच्या घरात एवढी वायर एका गीझरला नक्की नाही. मग उरतो लूज कॉन्टॅक्ट. सॉकेटच्या पिना ढिल्या झालेल्या, प्लगटॉपचा स्क्रू सैल, स्विचचा कॉन्टॅक्ट जळून काळा पडलेला, नाहीतर जंक्शन बॉक्समध्ये नुसती पिळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट, त्यातही तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळलेलं असेल तर तो कधी ना कधी खराब होणारच.

आणि ते १९० वॉट काय चीज आहे ते नीट समजून घ्या. आपण सोल्डरिंग करतो ती गन २५ वॉटची असते, तेवढ्यात शिसं वितळतं. इथे त्याच्या सातपट उष्णता, आणि जर ती सगळी एकाच जॉइंटवर असेल तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत, टेपच्या आत, लाकडी पट्टीच्या नाहीतर फॉल्स सीलिंगच्या मागे. तापला की तांब्यावर काळा थर चढतो, थर चढला की रेझिस्टन्स वाढतो, वाढला की अजून तापतो.

लोक म्हणतात एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल. नाही पडणार. एमसीबी फक्त करंट बघतो. लूज जॉइंटने करंट वाढत नाही, उलट कमी होतो, तुमचाच ८.५ च्या जागी ७.६ झालाय. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा करंट एकदम सुरक्षित वाटतो. आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की पडतो तो स्विच, तोसुद्धा पडणार नाही, कारण फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतोय, जमिनीत काही गळत नाहीये. म्हणजे तुमच्या बोर्डातलं एकही यंत्र ह्या दोषाला पकडत नाही, पकडतो तो फक्त व्होल्टेज मीटर आणि नाक, कारण जळकट प्लास्टिकचा वास आधी येतो. काही वर्षांपूर्वी एका घरात अशीच तक्रार होती, पाणी नीट तापत नाही. मी एलिमेंट बदलला, थर्मोस्टॅट बदलला, गिऱ्हाईकाचे पैसे गेले आणि फरक शून्य. तेव्हा मी लोड चालू ठेवून व्होल्टेज मोजलं नव्हतं. महिनाभरात त्यांनी परत बोलावलं, सॉकेट उघडलं तर न्यूट्रलची पिन कोळशासारखी झालेली आणि मागची वायर वीतभर करपलेली. घरातले सगळे झोपलेले असताना हे पेटलं असतं तर काय झालं असतं हा विचार माझ्या अजून डोक्यातून जात नाही, आणि तेव्हापासून लोडवर व्होल्टेज मोजल्याशिवाय मी एकही पार्ट बदललेला नाही.

हे सगळं तुमच्या घरातच आहे असं मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही, ते परिस्थितीवर आहे. तुमचं घर डीपीपासून (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असेल, शेवटच्या खांबावर असेल, नाहीतर खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा जॉइंट सैल असेल तर हे २५ व्होल्ट मीटरच्या आधीच पडत असतील. नियमाप्रमाणे २३० च्या सहा टक्के इकडेतिकडे म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये सप्लाय यायला पाहिजे, वाडीवस्तीवर संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की काय होतं ते आपल्याला माहितीच आहे. ओळखायची पद्धत सोपी आहे. गीझर चालू ठेवायचा आणि आधी मेन बोर्डावर, मग गीझरच्या प्लगजवळ व्होल्टेज मोजायचं, दोन्ही लोडवर. बोर्डावरच २२५ वरून २०३ झालं तर दोष मीटरकडे किंवा खांबाकडे, वीज कंपनीकडे तक्रार करा. तो तुमच्याच सर्व्हिसचा आहे की सगळ्या वस्तीला व्होल्टेज कमी आहे हे शेजाऱ्याकडे त्याच वेळेला मोजून कळेल, आणि शेजाऱ्याचं ठीक असेल तर तक्रार करताना न्यूट्रल सैल असण्याची शक्यता आहे असं मुद्दाम सांगा. बोर्डावर २२२ आणि प्लगवर २०१ असेल तर मधल्या वायरिंगमध्ये. मधल्या वायरिंगचे वॉट तुमच्या बिलात येतात, मीटरच्या आधीचे येत नाहीत, पण इथे पैशापेक्षा धोका मोठा आहे.

हे मोजताना लाईव्ह टर्मिनलवर प्रोब लावावे लागतात, तेही बाथरूमच्या बाजूला, म्हणून सवय नसेल तर वायरमनला बोलवा आणि त्याला हेच सांगा की लोडवर दोन जागी मोजून दे. ओल्या हाताचं शरीर हजारएक ओहम धरलं तर २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर, आणि आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडावा असा बनवतात, त्यावरून किती फरक आहे ते बघा. रेझिस्टन्स मोजताना मात्र उलटं, प्लग काढलेलाच पाहिजे, चालू लाईनवर ओहमच्या सेटिंगने मोजलं तर मीटर फुटतो आणि हात भाजतो. आणि लहान ओहम मोजताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून बघा, ०.३ किंवा ०.४ दाखवेल, तो प्रोबच्या वायरींचा आहे, तो वजा करा. क्लॅम्प मीटरमध्ये एकच वायर घ्यायची, फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या की एकमेकांना कापतात आणि शून्य येतं. लहान करंट असेल तर त्याच वायरीचे क्लॅम्पमधून पाच वेढे घ्या आणि आकड्याला पाचने भागा, स्वस्त मीटरलाही बऱ्यापैकी अचूक आकडा मिळतो.

एसीचं म्हणाल तर मीटर जे २३० दाखवतो तो आरएमएस आकडा असतो, लाट वर ३२५ पर्यंत जाऊन येते, पण २३० व्होल्ट डीसीने जितकी उष्णता झाली असती तितकीच होते, आरएमएस ठरवलाच तसा आहे. त्यामुळे गीझर, इस्त्री, कॉइलची शेगडी ह्यांना एसी असो की डीसी, सूत्र तेच.

आता बल्ब. ओहमने १८२७ साली नियम मांडला तो धातूच्या तारेचं तापमान तेवढंच राहतंय असं धरून. गीझरची नायक्रोमची तार ते बऱ्यापैकी पाळते, बल्बची टंगस्टनची तार अजिबात पाळत नाही, ती पेटल्यावर अडीच हजार डिग्रीच्या आसपास जाते आणि रेझिस्टन्स तेरा-चौदापट होतो. २३० चा वर्ग भागिले १०० म्हणजे ५२९ ओहम, हा गरम बल्बचा आकडा. तुमचे ३८ थंड बल्बचे. दोन्ही खरे आहेत. १३४४ वॉटही खोटे नाहीत, बटण दाबल्यावरच्या पहिल्या क्षणाला बल्ब सहा अँपिअरच्या आसपास खेचतो, सेकंदाच्या छोट्याशा भागात तापतो आणि अर्ध्या अँपिअरच्या खाली येतो. म्हणूनच जुने बल्ब जळताना बहुतेक वेळा बटण दाबल्या दाबल्या जायचे, आपण सगळ्यांनी ते बघितलंय. तर तापणाऱ्या वस्तूचा रेझिस्टन्स हवा असेल तर थंड असताना मीटरने मोजू नका, चालू असताना व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी घ्या आणि भागाकार करा.

मोटरचं सगळ्यात वेगळं आहे. तिथे व्होल्टेज भागिले करंट करून जे ओहम येतील त्याला मोटरचा रेझिस्टन्स म्हणायचंच नाही. वाइंडिंग मीटरने मोजलं तर अर्धा एचपीला सहा-सात ओहमच्या आसपास मिळेल, त्या हिशोबाने ३५ अँपिअर जायला पाहिजेत, पण जातात ३.८. कारण मोटर फिरायला लागली की तिच्या आत उलट व्होल्टेज तयार होतं आणि वाइंडिंगही कॉइल असल्यामुळे एसीला अडवते. आणि करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, म्हणून दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट होत नाहीत, ते होतात व्होल्ट-अँपिअर. वॉट काढायला पॉवर फॅक्टरने गुणायला लागतं.

पॉवर फॅक्टर घरी कसा कळणार? तुमच्या बिलाच्या मीटरवर कळतो. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, बाजूला लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, काहींवर १६००, तुमच्यावरचं वाचून घ्या. ३२०० असेल तर घरातलं सगळं बंद करा, फक्त मोटर चालू ठेवा, दहा लुकलुक व्हायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजा आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागा, आले खरे वॉट. समजा १६ सेकंद लागले तर ७०३ वॉट. ७०३ भागिले ८५९ म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८२. आणि पाटीवरचा अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॉट हे शाफ्टवर मिळणारं काम आहे, आत घेतलेली पॉवर नाही. ७०० घेऊन ३७३ दिले म्हणजे ५३ टक्के, छोट्या सिंगल फेज मोटरीला हे अगदी नेहमीचं आहे, बाकीचं वाइंडिंगच्या आणि आतल्या लोखंडी पत्त्यांच्या उष्णतेत जातं. हीच पद्धत गीझरलाही वापरा. तुमच्या १७१८ वॉटला दहा लुकलुक साडेसहा सेकंदांत व्हायला पाहिजेत. त्यापेक्षा बराच वेळ लागला, समजा सव्वासात सेकंद, तर मीटरमधून १५५० वॉटच जातायत, म्हणजे पडलेलं व्होल्टेज मीटरच्या आधी आहे. एकही टर्मिनल न उघडता बराचसा अंदाज येतो.

मोटरवरून एक गोष्ट सांगतोच, कारण रिवाइंडिंगला येणाऱ्या बऱ्याच मोटरी ह्याच एका कारणाने आलेल्या असतात. व्होल्टेज कमी झालं की गीझरचा करंट कमी होतो, पण मोटरचा वाढतो. वर पाणी चढवायचं काम तेवढंच आहे, व्होल्टेज कमी मिळालं म्हणून मोटर करंट जास्त ओढून ते भरून काढते. ३.८ चे ४.८ झाले तर करंट सव्वापट वाटतो, पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.६ पट. शेतकरी म्हणतात लाईट कमी आली आणि मोटर जळली, ते शंभर टक्के खरं आहे आणि त्याचं गणित हेच आहे. तुमचा दोष जर मीटरच्या आधी निघाला तर तुमच्या मोटरलाही तेच कमी व्होल्टेज मिळतंय हे लक्षात घ्या, तोपर्यंत ती सलग फार वेळ चालवू नका.

आता तुमच्यासाठी क्रम सांगतो. मेनचा स्विच बंद करा, गीझरचा प्लगटॉप काढून पिना बघा, काळसर किंवा निळसर पडल्यात का, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं किंवा फुगलेलं दिसतंय का. तसं काही दिसलं तर तिथेच दोष आहे, सॉकेट आणि प्लगटॉप दोन्ही बदलायचे, एकच बदलला तर जुनी जळकी पिन नवीन सॉकेटही खराब करते. मागची करपलेली वायर चांगलं चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची. पिना स्वच्छ असल्या तर स्विच, मग जंक्शन बॉक्स. काही नाही सापडलं तर वायरमनकडून लोडवर बोर्डाचं आणि प्लगचं व्होल्टेज एकापाठोपाठ मोजून घ्या आणि ते दोन आकडे मला कळवा, वायर किती एमएमची आहे आणि घर डीपीपासून साधारण किती लांब आहे तेही लिहा. तोपर्यंत गीझर लावू नका, पाणी गॅसवर तापवा.